उपचारांतून होणारे फुप्फुसांचे विकार आणि लांबणारा रुग्णालयातला मुक्काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयसीयूच्या दाराबाहेर, ओपीडीत, डिस्चार्जच्या टेबलापाशी नातेवाईक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. उत्तरं आपल्याकडच्या रुग्णालयांतल्या सवयी डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. अभ्यासांचे आकडे बहुतेक परदेशी आहेत, कारण या नुकसानीची मोजदाद तिकडे बरीच आधी सुरू झाली.

आजी घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. पाचव्या दिवशी न्यूमोनिया निघाला. पायाचा आणि फुप्फुसाचा संबंध काय?

संबंध अंथरुणाचा आहे. माणूस उताणा पडून राहिला की फुप्फुसाचा मागचा-खालचा भाग दबतो. हाड दुखतं म्हणून आजी खोल श्वास घेत नाहीत, खोकणं टाळतात. वेदनाशामक इंजेक्शनांनी गुंगी येते आणि खोकल्याची उबळच मंदावते. कफ साचतो, साचलेल्या भागातली हवा शोषली जाऊन तो भाग मिटतो, आणि मिटलेल्या भागात जंतूंचं फावतं. त्यात ग्लानीत भरवलेला घास किंवा तोंडातली लाळ श्वासनलिकेत उतरली की काम झालंच. पायातल्या शिरेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊन अडकण्याचा धोकाही याच पडून राहण्यातून येतो.

म्हणून खुब्याचं ऑपरेशन लवकर उरकून दुसऱ्याच दिवशी रुग्णाला उठवून बसवायची डॉक्टरांची घाई असते. घरच्यांना ती निर्दयपणाची वाटते. ‘म्हातारं माणूस आहे, पडू द्या निवांत’ ही माया समजते, पण रुग्णालयात ती फार महाग पडते.

म्हणजे ही डॉक्टरांची चूकच ना?

कधी चूक, कधी नाही. उपचारामुळे झालेला प्रत्येक त्रास म्हणजे हलगर्जी नव्हे. फुप्फुसातल्या गाठीचा तुकडा सुईने काढताना अत्यंत तरबेज हातांनीही काही रुग्णांच्या छातीत हवा भरते. मोठ्या अभ्यासांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त दिसतं. तो त्या तपासणीचा ज्ञात धोका आहे आणि सही घेताना तो सांगायला हवा. उलट पोटात जायची नळी श्वासनलिकेत गेली आणि खात्री न करता त्यातून पेज सोडली, तर त्याला गुंतागुंत म्हणून पांघरूण घालता येणार नाही.

या दोहोंच्या मधला पट्टा मोठा आहे आणि खरं नुकसान तिथेच होतं. गादीचं डोकं खाली राहिलं, सलाईन जरा जास्त गेलं, झोपेचं औषध एक दिवस उशिरा थांबवलं. यातलं काहीच वर्तमानपत्रात येत नाही, पण बेड अडकतो तो यानेच.

हा बोजा नेमका किती आहे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने उपचार घेताना दर दहापैकी सुमारे एका रुग्णाला काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्मी टाळता येण्यासारखी असते. हा आकडा सगळ्या अवयवांचा मिळून. फुप्फुसापुरतं बोलायचं तर अमेरिकेत रुग्णालयांच्या सुरक्षिततेची जी सरकारी मोजमापं आहेत, त्यांत ‘उपचारामुळे छातीत भरलेली हवा’ आणि ‘ऑपरेशननंतर श्वास निकामी होणं’ हे दोन स्वतंत्र रकाने आहेत. २००३ साली तिथल्या रुग्णालयांच्या नोंदी तपासून एक हिशेब मांडला गेला. उपचारामुळे छातीत हवा भरली की मुक्काम सरासरी ४.४ दिवसांनी वाढतो, बिल सुमारे १७ हजार डॉलरने फुगतं आणि मृत्यूचं प्रमाणही वाढतं.

आपल्याकडे डिस्चार्ज कार्डावर ‘न्यूमोनिया’ एवढंच येतं. तो घरून आणलेला की वॉर्डात मिळालेला, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. बोजा मात्र दिसतो. सरकारी रुग्णालयात एक व्हेंटिलेटर आठ दिवस जास्त अडकला की तालुक्याहून आलेली रुग्णवाहिका दुसऱ्या शहराकडे वळवावी लागते. खासगीत तेच आठ दिवस घरच्यांच्या खिशातून जातात. प्रतिजैविकं वरच्या दर्जाची होत जातात, रोज एक्स-रे, एबीजी (धमनीच्या रक्तातले वायू मोजणारी तपासणी), कल्चर (जंतू ओळखणारी तपासणी). मूळ ऑपरेशनचा खर्च त्यापुढे लहान दिसू लागतो.

व्हेंटिलेटरवर ठेवलं आणि त्यानंतरच न्यूमोनिया झाला. मशिनमध्ये जंतू असतात का?

मशिनपेक्षा नळीचा दोष जास्त. श्वासनलिकेत घातलेल्या नळीला टोकाशी फुगा असतो. तोंडातली, घशातली लाळ त्या फुग्याच्या वर साचते आणि कडेने थेंब थेंब खाली झिरपते. नळीमुळे खोकता येत नाही, म्हणून झिरपलेलं वर येत नाही. नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर जो न्यूमोनिया होतो, त्याला व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया म्हणतात. आपल्या आयसीयूंत यामागे ॲसिनेटोबॅक्टर, क्लेबसिएला, स्यूडोमोनास ही जंतूंची मंडळी असतात आणि बऱ्याच औषधांना ती दाद देत नाहीत. उपचार लांबतात ते त्यामुळे.

तो टाळण्याचे उपाय मात्र अगदी साधे आहेत. स्पेनमधला १९९९ चा एक अभ्यास पाहा: सपाट झोपवलेल्या रुग्णांत ३४ टक्क्यांना न्यूमोनियाची लक्षणं दिसली, डोक्याकडची बाजू उचलून ठेवलेल्यांत ८ टक्क्यांना. अभ्यास लहान होता, पण पलंगाचा दांडा फिरवायला खर्च काय येतो? झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून रुग्णाला जागं करून पाहण्याचा २००० सालचा अमेरिकन अभ्यासही असाच. व्हेंटिलेटरवरचे दिवस ७.३ वरून ४.९ वर आले. दात घासण्याचंही तसंच. पूर्वी क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने तोंड पुसण्यावर भर होता. २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शनात तो मागे पडला आणि साध्या ब्रशने दात घासणं पुढे आलं.

हे सगळं करायला हात लागतात. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णामागे एक नर्स हा निकष कागदावर आहे. रात्रपाळीला एकच सिस्टर तीन-चार व्हेंटिलेटर सांभाळत असेल तर दात कोण घासणार? माझं स्पष्ट मत आहे की या न्यूमोनियावरचा सर्वांत स्वस्त उपाय आणखी एक सिस्टर नेमणं हा आहे. महागडं प्रतिजैविक ही त्या न नेमलेल्या सिस्टरच्या पगाराची वसुली असते, फक्त ती रुग्णाकडून होते.

व्हेंटिलेटरच्या दाबाने फुप्फुस फाटतं, असं ऐकलं. खरं का?

फाटू शकतं. पण दिसेल असं फाटण्यापेक्षा आतून ताणलं जाणं जास्त घडतं. आजारी फुप्फुसाचा थोडाच भाग हवा घेऊ शकतो, आणि सगळा श्वास त्याच भागात कोंबला की तो सुजतो. २००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मोठ्या श्वासाऐवजी लहान श्वास देऊन पाहिला: किलोमागे १२ मिलिलिटरऐवजी ६. मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. नवं औषध नाही, नवं मशीन नाही, फक्त बटण कमी फिरवलं.

यातला किलोसुद्धा काट्यावरचा नसतो. फुप्फुसाचा आकार उंचीवर ठरतो. १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचं वजन ९० किलो भरलं तरी हिशेब साधारण ४८ किलोचा धरायचा, म्हणजे एक श्वास २९० मिलिलिटरच्या आसपास. काट्यावरच्या ९० किलोला धरून श्वास दिला तर तो जवळपास दुप्पट होतो. म्हणून चांगल्या आयसीयूत रुग्ण आला की आधी टेपने उंची मोजतात. नातेवाइकांना ते विचित्र वाटतं, वाटू द्या.

छातीतलं पाणी काढायला गेलो आणि छातीत हवा भरली. आता नळी घातली आहे. काय काळजी घ्यायची?

सुई फुप्फुसाला लागली की त्याच्या बाहेर हवा जमते आणि फुप्फुस मिटतं. मानेतल्या किंवा गळपट्टीच्या हाडाखालच्या मोठ्या शिरेत लाईन टाकताना, पेसमेकर बसवतानाही हे होतं. सोनोग्राफीत बघत बघत सुई घातली तर धोका स्पष्टपणे कमी होतो, म्हणून ‘सोनोग्राफी लावून करणार का?’ हा प्रश्न विचारायला संकोच नको. पाणी खूप असेल तर एका वेळी साधारण दीड लिटरवर थांबतात. मिटलेलं फुप्फुस एकदम उघडलं तर त्यात सूज येते. उरलेलं उद्या काढू म्हणाले तर ती टाळाटाळ नव्हे.

नळीच्या बाटलीबद्दल मात्र लक्षपूर्वक वाचा. ती नेहमी छातीच्या पातळीखाली हवी. एक्स-रेला नेताना वॉर्डबॉय किंवा घरचंच कोणी बाटली उचलून रुग्णाच्या पोटावर ठेवतं, आणि बाटलीतलं पाणी छातीकडे परत जाऊ शकतं. बुडबुडे येत असताना नेण्याच्या सोयीसाठी नळीला चिमटा लावू नका आणि लावू देऊ नका. हवेला वाट राहत नाही. श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होत असेल तर नळी चालू आहे. ते अचानक थांबलं, किंवा रुग्णाला धाप लागली, तर सिस्टरना लगेच हाक मारा.

अशक्तपणा आहे, दोन सलाईन लावली तर काय बिघडतं?

तरण्याताठ्या माणसाचं सहसा काही नाही. हृदय कमजोर असलेल्या किंवा मूत्रपिंड थकलेल्या आजोबांचं बिघडतं. जास्तीचं पाणी फुप्फुसात उतरतं, रात्री आडवं झाल्यावर धाप लागते, गुलाबीसर फेस येतो आणि मग ऑक्सिजन, लघवीवाटे पाणी काढणारं लॅसिक्स, कधी आयसीयू. अशक्तपणावर सलाईन हे आपल्याकडचं जुनं खूळ आहे. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत साखर असते २५ ग्रॅम, म्हणजे शंभरेक कॅलरी. तोंडाने खाता-पिता येत असेल तर शिरेतून पाणी ओतून घेण्यात शहाणपण नाही. डॉक्टर नको म्हणाले तर दुसरा दवाखाना गाठू नका.

ऑक्सिजन जास्त दिल्याने कसलं नुकसान होणार?

हा प्रश्न करोनानंतर वाढला. घराघरात ऑक्सिमीटर आले आणि ९८ दिसल्याशिवाय चैन पडेनासं झालं. ज्यांना सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा जुनाट विकार) आहे, त्यात बिडी-सिगारेटवाले आले आणि आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या बायकाही आल्या, त्यांच्यात जास्त ऑक्सिजनने रक्तातला कार्बन डायऑक्साइड चढतो. रुग्ण आधी सुस्तावतो, मग बरळतो, मग जागा होत नाही. नातेवाईक म्हणतात, ‘आता शांत झोप लागली.’ ती झोप नव्हे.

अशा रुग्णाचं लक्ष्य ८८ ते ९२ एवढंच असतं. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात २०१० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णवाहिकेतच फरक केला गेला: काहींना नेहमीसारखा भरपूर ऑक्सिजन, काहींना मोजून. मृत्यू ९ टक्के आणि ४ टक्के. तेव्हा पलंगामागच्या, ऑक्सिजन कमी-जास्त करणाऱ्या फ्लोमीटरची खुंटी परस्पर फिरवू नका. रात्री ती फिरवली गेली की सकाळी एबीजीत ते दिसतंच.

रक्त चढवताना धाप लागली. ॲलर्जी असेल का?

असू शकते, पण दोन गोष्टी आधी तपासतात. एक, रक्ताचा वेग जास्त झाल्याने फुप्फुसात पाणी. दुसरी, रक्तदात्याच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे (अँटिबॉडींमुळे) फुप्फुसाला आलेली सूज, जी सहा तासांच्या आत दिसते. गरोदरपणात बायकांच्या रक्तात अशी प्रतिपिंडं तयार होऊ शकतात, म्हणून ब्रिटनने २००३ पासून प्लाझ्मासाठी पुरुष दात्यांना पसंती दिली आणि असे प्रकार बरेच घटले. भारतात अशा घटना नोंदवण्याची व्यवस्था डिसेंबर २०१२ पासून आहे. धाप, थंडी, पाठदुखी, काहीही जाणवलं तर ‘बाटली संपेपर्यंत थांबू’ असं करू नका. आधी रक्त बंद करायला सांगा. वयस्क माणसाला एका वेळी एकच बाटली, तीही सावकाश, हे सगळ्यात सोपं.

रोजच्या गोळ्यांनी फुप्फुस खराब होतं का?

काही गोळ्यांनी, काही जणांचं. यादी लांब आहे, वारंवार दिसणारी सांगतो. हृदयाची लय सांभाळणारी अमिओडॅरोन: महिने, वर्षं घेतल्यावर कोरडा खोकला आणि धाप. ती शरीरात इतकी मुरते की बंद केल्यावरही कित्येक आठवडे उरते. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दीर्घकाळ घेतलेली नायट्रोफ्युरँटॉइन. संधिवाताची मेथोट्रेक्सेट, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर फुप्फुसाआधी रक्ताच्या पेशीच कोसळतात. पाकिटावर पेनने वार लिहा, ‘फक्त रविवार’ असा.

कर्करोगात ब्लिओमायसिन घेतलं असेल तर पुढे कधीही, कसल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. भुलेच्या वेळी दिलेला जास्त ऑक्सिजन अशा फुप्फुसाला घातक ठरू शकतो. छातीवर रेडिएशन घेतल्यानंतर एक ते सहा महिन्यांत खोकला-धाप सुरू झाली तर ती नवी सर्दी समजून कफ सिरप पीत बसू नका. कर्करोगावरच्या नव्या इम्युनोथेरपीच्या (शरीराची प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या) औषधांनाही हे लागू.

आणि दोन अशा, ज्यांच्यावर कोणाचा संशय जात नाही. रक्तदाबाच्या रामिप्रिल, एनालाप्रिलसारख्या गोळ्यांनी घशात खवखव आणि कोरडा खोकला होतो. फुप्फुसाला इजा नसते, पण माणूस चार एक्स-रे आणि सहा सिरपच्या बाटल्या करून येतो. दुसरं, काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब. डोळ्यात घातलेला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि दमेकऱ्याला दम्याचा झटका आणू शकतो. ‘कोणती औषधं चालू आहेत?’ असं विचारल्यावर डोळ्यांचे थेंब कोणी सांगत नाही. सांगा.

औषधाचा त्रास झाल्याचा संशय असेल तर रुग्णालाही तो १८००-१८०-३०२४ या सरकारी टोल-फ्री क्रमांकावर कळवता येतो.

ऑपरेशन सकाळी दहाला आहे. सातला अर्धा कप चहा चालेल?

दुधाचा नाही. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर आम्लाने फुप्फुस भाजून निघतं. न्यूयॉर्कमधल्या एका प्रसूतिगृहातला १९४६ साली छापलेला अहवाल प्रसिद्ध आहे: ४४,०१६ बाळंतपणांत ६६ बायकांच्या बाबतीत असं घडलं होतं. आजच्या उपाशी ठेवण्याच्या नियमांना त्यानेच बळ मिळालं. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधी बंद, तेलकट-तुपकट असेल तर आठ. साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, बिनदुधाचा चहाही. रात्री बारापासून पाणीसुद्धा बंद ही जुनी रीत अजून अनेक ठिकाणी चालते. ती बहुतेकांना विनाकारण सुकवते, पण तुमच्या भूलतज्ज्ञांनी जे सांगितलं असेल तेच पाळा. वजन किंवा साखर कमी करणारं सेमाग्लूटाइडसारखं इंजेक्शन घेत असाल तर ते आधीच कळवा, त्याने पोट उशिरा रिकामं होतं.

श्वासाच्या व्यायामाचं, आत तीन प्लास्टिकच्या गोळ्या असलेलं ते यंत्र दिलंय. किती वेळा फुंकायचं?

फुंकायचं नाही, ओढायचं. निम्मे रुग्ण त्यात फुगा फुगवल्यासारखे फुंकतात आणि गोळ्या हलत नाहीत म्हणून यंत्र बिघडलं म्हणतात. नळी ओठांत घट्ट धरून सावकाश श्वास आत घ्यायचा, गोळ्या वर दोन-तीन सेकंद टिकवायच्या, मग सोडायचा. तिन्ही गोळ्या एकदम ठसक्यात उडवण्यापेक्षा एक गोळी नीट टिकवलेली बरी. जागे असताना दर तासाला दहा वेळा.

नुसत्या यंत्राचा पुरावा तसा बेताचाच आहे. त्याच्याबरोबर उठून बसणं, चालणं आणि टाक्यावर उशी दाबून खोकणं हवं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या २०१८ च्या एका चाचणीत पोटाच्या मोठ्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास बसून श्वास कसा घ्यायचा ते शिकवलं, एवढंच. ऑपरेशननंतरच्या फुप्फुसाच्या तक्रारी २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. शिकवणी ऑपरेशनच्या आधी हवी. नंतर दुखत असताना कोण शिकतो? सिगारेट, बिडी निदान चार आठवडे आधी सोडलेली असेल तर सोन्याहून पिवळं.

नाकातल्या नळीतून घरी भरवायचं आहे. भीती वाटते.

भीती योग्य आहे, ती सावध ठेवते. नाकपुडीपाशी नळीवर किती आकडा दिसतो ते डिस्चार्जच्या दिवशी लिहून घ्या आणि दर वेळी भरवण्याआधी तो ताडून पाहा. आकडा बदलला, नळी ओढली गेली, रुग्णाला ठसका लागला तर भरवू नका, दवाखान्यात नेऊन नळीची जागा तपासून घ्या. हवा सोडून स्टेथोस्कोपने गुडगुड ऐकण्याची पद्धत भरवशाची नाही, नवी नळी घातल्यावर एक्स-रे हीच पक्की खात्री. भरवताना आणि नंतर अर्धा-एक तास रुग्ण बसता किंवा टेकून हवा.

बिल फुगलं. कागदपत्रं मिळतील का? तक्रार कुठे करायची?

कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत द्यावीत असं डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. डिस्चार्ज कार्डाबरोबर आयसीयूचे चार्ट, एक्स-रे, कल्चरचे रिपोर्ट आणि संमतिपत्राची प्रत मागा. काय कधी घडलं ते चार्टमध्ये दिसतं. पॅकेज ठरवताना गुंतागुंत झाल्यास तिचा खर्च कोणाकडे, हे भरतीच्या दिवशीच लिहून घेतलं असेल तर पुढची निम्मी भांडणं होत नाहीत.

आधी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना वेळ मागून भेटा. काय झालं, कसं कळलं, काय केलं, हे तीन प्रश्न आवाज न चढवता विचारा. समाधान झालं नाही तर दुसऱ्या छातीविकारतज्ज्ञाला कागद दाखवा, मग महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल किंवा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवलं. आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. फौजदारी खटल्यासाठी मात्र घोर निष्काळजीपणा दिसावा लागतो, हा २००५ चा निकाल. सिस्टरवर किंवा निवासी डॉक्टरवर हात उचलणं हा महाराष्ट्रात अजामीनपात्र गुन्हा आहे, आणि तो झाला की तुमची खरी तक्रारही बाजूला पडते.

घरी सोडलं. परत कधी आणायचं?

धाप आदल्या दिवसापेक्षा वाढली, ताप पुन्हा चढला, कफाचा रंग बदलला किंवा त्यात रक्त आलं, एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत एका बाजूला अचानक कळ आली, रुग्ण उगाच झोपाळू झाला किंवा असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. जाताना डिस्चार्ज कार्ड, शेवटचा एक्स-रे आणि चालू औषधांची पिशवी सोबत घ्या, डोळ्यांच्या थेंबांसकट.